संकटकाळचा नंबर : देशोदेशीच्या तीन आकड्यांची गोष्ट

संपादक मंडळाने माझ्याकडे 'टेलिफोन खात्यातल्या आठवणी' मागितल्या होत्या. चौतीस वर्षे एक्स्चेंजमध्ये काढल्यावर आठवणींना तोटा नाही, पण त्या संध्याकाळी कट्ट्यावर निम्म्या सभासदांनी दोनदा ऐकल्या आहेत आणि उरलेल्यांनी तीनदा. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी थोडा वेगळा विषय घेतला आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत एक बदल असा झाला, की तो कुठल्याच वार्षिक अहवालात आला नाही. पूर्वी कोणाकडे परदेशातून फोन आला की पलीकडे ऐकू जावं म्हणून इथून इतकं ओरडून बोललं जायचं, की बातमी सगळ्या जिन्याला कळायची. आज तिन्ही विंगमध्ये एक मजला असा सापडणं कठीण, जिथला मुलगा, मुलगी किंवा नातवंड बाहेर नाही. आपण मंडळी सहा-सहा महिने न्यू जर्सीला, म्युनिकला, दुबईला राहून येतो. बॅगा भरताना भाजणी, गोडा मसाला, बीपीच्या गोळ्या, विम्याचे कागद, सगळं यादी करून घेतो. तिथे रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर कोणता नंबर लावायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "मुलगा आहे ना!"

मुलगा ऑफिसात असतो. पण ते पुढे येईलच. आधी इतिहास.

हे नंबर देशागणिक वेगळे का, असं लोक विचारतात. जगभर एकच नंबर ठेवायला काय झालं होतं? याचं उत्तर जुन्या काळ्या फोनच्या डायलमध्ये आहे. तरुण सभासदांसाठी सांगतो. त्या फोनला बटणं नसत, दहा भोकांची तबकडी असे. भोकात बोट घालून तबकडी धातूच्या पट्टीपर्यंत फिरवायची आणि सोडून द्यायची. ती परत येताना लाइन तितक्या वेळा तुटायची आणि जुळायची. १ ला एकदा, ९ ला नऊ वेळा, ० ला दहा वेळा. एक्स्चेंजमधली यंत्रं हे ठोके मोजून नंबर लावत. म्हणजे नंबर हा कागदावरचा आकडा नव्हता, तो ठोक्यांचा हिशेब होता. ज्या देशात ज्या तऱ्हेची यंत्रं, तिथे तसा नंबर सोयीचा. वेगळेपण तिथून आलं.

मात्र नंबर काढायची निकड यंत्रांमुळे वाटली नाही. ती वाटली माणसं गेल्यामुळे.

१० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली. समोर राहणाऱ्या गृहस्थांनी फोन उचलून ० फिरवला, कारण तेव्हाची पद्धत तीच होती : ऑपरेटरला सांगायचं, तो अग्निशमन दलाला जोडून देणार. एक्स्चेंजने त्यांना रांगेत ठेवलं. त्या आगीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजाऱ्याने 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं, सरकारने चौकशी समिती नेमली. एक्स्चेंजमध्ये काम केलेला माणूस म्हणून मला त्या ऑपरेटरची बाजूही दिसते. त्याच्यापुढच्या बोर्डावर दिवे लागत होते आणि सगळे दिवे सारखेच. कोणाचं घर जळतंय आणि कोणाला गाडीची वेळ विचारायची आहे, हे दिव्यावरून कसं कळणार? दोष माणसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. जिवावरच्या फोनला वेगळी वाट हवी होती.

मग आकड्याचा शोध सुरू झाला. १११ घ्यावा तर वाऱ्याने टेलिफोनच्या तारा एकमेकींना लागल्या तरी एकेक ठोका पडतो आणि खोटे फोन लागतात. २२२ हा लंडनच्या एका एक्स्चेंजला दिलेला होता. ००० घ्यावा तर पहिल्या शून्यालाच ऑपरेटर उचलणार. उरला ९९९. सार्वजनिक फोनच्या डब्यातून ० पैसे न टाकता लागतच होता. त्याच्या शेजारचा ९ तसा करणं सोपं होतं. आणि मला सर्वांत आवडलेलं कारण म्हणजे, धुरात किंवा अंधारात काही दिसत नसलं तरी बोट त्या धातूच्या पट्टीला लावायचं, पहिलं भोक ०, त्याच्या पुढचं ९. आंधळ्यालाही सापडेल असा नंबर! ३० जून १९३७ ला लंडनमध्ये तो सुरू झाला. ९९९ आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. तो इतका कर्कश होता, की ऑपरेटर मंडळींनी त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबला. पहिल्या आठवड्यात हजाराहून जास्त फोन आले, त्यातले ९१ चेष्टेखोरांचे. माणसाचा स्वभाव तेव्हाही हाच होता. मात्र सगळ्या ब्रिटनभर ९९९ पोचायला १९७६ साल उजाडलं.

इंग्रज जिथे जिथे गेले तिथे तिथे बऱ्याच ठिकाणी ९९९ गेला. सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया. दुबईतही पोलिसांचा नंबर ९९९ आहे, पण तिथे अॅम्ब्युलन्स ९९८ आणि आग ९९७. उतरत्या क्रमाने पाठ करा. सिंगापूरला पोलीस ९९९, पण अॅम्ब्युलन्स आणि आग ९९५. न्यूझीलंडची गंमत वेगळीच. तिथल्या डायलवर आकडे उलटे छापलेले असत. त्यामुळे त्यांचा १ म्हणजे यंत्राला नऊ ठोके. यंत्रं ब्रिटिश बनावटीची, म्हणून १९५८ मध्ये त्यांनी १११ घेतला. लंडनचा ९९९ आणि तिथला १११ यंत्राच्या कानाला अगदी एकच! ऑस्ट्रेलियाने १९६१ मध्ये ००० घेतला. जपान या सगळ्यांच्या आधीचा. तिथे १९२६ मध्ये आगीसाठी ११२ होता, पण घाईत चुकीचे नंबर फार लागत, म्हणून १९२७ मध्ये शेवटचा आकडा बदलून ११९ केला. ९ ची तबकडी परत यायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस भानावर येतो. आजही जपानमध्ये आग आणि अॅम्ब्युलन्स ११९, पोलीस ११०.

अमेरिकेत तिसऱ्याच तऱ्हेने झालं. १९५७ पासून अग्निशमन अधिकारी एका नंबरची मागणी करत होते. जानेवारी १९६८ मध्ये तिथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीने ९११ जाहीर केला. तो कुठल्याही भागाला दिलेला नव्हता आणि एक लांब, दोन आखूड असा फिरवायला सोपा होता. पण पहिला फोन त्या कंपनीने लावलाच नाही. अलाबामातल्या एका लहान कंपनीने ठरवलं, की आपण आधी लावायचा, आणि १६ फेब्रुवारी १९६८ ला हेलीव्हिल नावाच्या गावात लावूनही टाकला. देशभर व्हायला मात्र फार वर्षं लागली. १९८७ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या निम्म्याच लोकांना ९११ ची सोय होती.

युरोपातल्या ११२ ची कथा मला सर्वांत जास्त लागते. ३ मे १९६९ ला जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या विनेंडन गावात ब्यॉर्न स्टायगर हा आठ वर्षांचा मुलगा पोहून घरी येत होता. त्याला गाडीने धडक दिली. लोकांनी लगेच फोन केले, पुन्हा पुन्हा केले. अॅम्ब्युलन्स यायला जवळजवळ एक तास लागला आणि मूल वाटेतच गेलं. जखमा जीवघेण्या नव्हत्या, तो धक्क्याने गेला. त्याच्या आईवडिलांनी दोन महिन्यांत एक संस्था काढली, रस्त्याकडेला मदतीचे फोन बसवले, आणि सगळ्या देशात एकच नंबर हवा म्हणून वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले. वडिलांनी सरकारवर दावा लावला. तो फेटाळला गेला, पण वर्तमानपत्रांत विषय पोचला. २० सप्टेंबर १९७३ ला पोलिसांसाठी ११० आणि आग-अॅम्ब्युलन्ससाठी ११२ असा निर्णय देशभरासाठी झाला. पुढे २९ जुलै १९९१ ला युरोपीय समुदायाने ११२ हा सर्व सदस्य देशांचा समान नंबर ठरवला. म्हणूनच ११ फेब्रुवारी, म्हणजे ११-२, हा तिकडे '११२ दिन'.

इथे डायलचा एक बारकावा सांगतो. आपल्याकडे वडीलधारे लोक फोनच्या डायलला छोटं पितळी कुलूप लावत, आठवतं? (कुलूप असतानाही रिसिव्हर ठेवायची खुंटी टकटक करून नंबर लावता यायचा. हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी आपल्या नातवंडांना सांगू नये.) कुलूप ३ च्या भोकात असेल तरी १ आणि २ फिरवता येतात, म्हणजे ११२ लागतो. आपला १०० मात्र लागला नसता.

मोबाइल आल्यावर ११२ चं भाग्य उजळलं. ज्या जीएसएम पद्धतीवर आपले फोन आले, ती युरोपातली. तिच्यात ११२ हा संकटाचा नंबर म्हणून मुळातच घातलेला आहे. त्यामुळे फोनवर तो लावला की हँडसेटला कळतं, हा साधा फोन नव्हे. तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो जायचा प्रयत्न करतो. मात्र "११२ लावला की जगात कुठेही काम होतं" हे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्यावर विसंबू नका. पुष्कळ देशांत तो स्थानिक सेवेकडे वळतो, सगळीकडे नाही, आणि हॉटेलच्या खोलीतल्या फोनवरून तर मुळीच गृहीत धरू नका. सिम काढलेल्या फोनवरून लागतो, हेही सगळीकडे खरं नाही. जर्मनीने २००९ पासून सिमची अट घातली आहे, कारण सिम नसलेल्या फोनवरून खोडसाळ फोन फार यायचे. तेव्हा जिथे जाल तिथला स्थानिक नंबर पाठ करणं हेच खरं. थायलंडला पर्यटक पोलीस ११५५ आणि अॅम्ब्युलन्स १६६९. स्वित्झर्लंडला अॅम्ब्युलन्स १४४, पण ११२ ही चालतो. फ्रान्सला वैद्यकीय मदत १५, तिथेही ११२ चालतो.

हॉटेलचा विषय निघालाच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट नावाच्या बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. एकदा नाही, चारदा. लागला नाही, कारण त्या फोनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ९ दाबावा लागत होता. हे त्या मुलीला कोण सांगणार? बाई वाचली नाही. कॅरीच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला : १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या हॉटेल-ऑफिसांच्या यंत्रणेतून ९११ थेट लागलाच पाहिजे. जुन्या यंत्रणा मात्र अजून असू शकतात, आणि इतर देशांत हा कायदा नाही. म्हणून चावी घेताना काउंटरवर विचारायचं, "खोलीतून संकटाचा नंबर कसा लावायचा?" लाजायचं कारण नाही. नाश्ता किती वाजता मिळतो हे आपण विचारतोच ना!

याची उलट बाजूही आहे. अमेरिकेत ऑफिस किंवा हॉटेलातून भारतात फोन करायचा म्हणजे आधी ९, मग ०११, मग ९१. मधला शून्य निसटला की झालं ९-१-१! असा नंबर चुकून लागला तर घाबरून फोन ठेवू नये. ठेवला तर ते उलट फोन करतात, उचलला नाही तर पोलीस दारात येऊ शकतात. लाइनवर थांबायचं, "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगायचं.

आता तो मुलगा ऑफिसात असल्याचा भाग. आपल्या ए विंगमधल्या एका काकांनी ही हकिकत लिहायची परवानगी दिली आहे, नावाशिवाय. काका-काकू न्यू जर्सीला मुलाकडे होते. सून-मुलगा दोघं कामावर, नातू शाळेत. दुपारी काकूंच्या हातातून कप पडला, तोंड एका बाजूला झुकलं, बोलणं अडखळायला लागलं. काकांनी काय केलं? आपण कोणीही केलं असतं तेच. मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि न्यूयॉर्कमधल्या ऑफिसातून ९११ लावला. आता हे लक्षात घ्या, ९११ हे एकच ऑफिस नाही. फोन जिथून लावाल तिथलं केंद्र उचलतं. न्यूयॉर्कहून लावलेला फोन न्यूयॉर्कलाच लागला. त्यांनी पत्ता घेतला, नदीपलीकडच्या राज्यातलं केंद्र शोधलं, तिकडे जोडून दिलं. कप पडल्यापासून अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली, आणि अॅम्ब्युलन्सचं ठाणं घरापासून चार गल्ल्या अंतरावर होतं. काकू आज आपल्यात आहेत, गणपतीत आरतीला असतात, उजव्या हाताने टाळ धरता येत नाही. काका मला म्हणाले, "मला ९११ माहीत होता रे. पण मला वाटलं, माझं इंग्रजी त्यांना कळणार नाही, आणि बिल मुलाला पडेल."

या दोन भीतींचं बोलायला हवं. भाषेचं असं, की अमेरिका-ब्रिटनमध्ये अशी केंद्रं दुभाष्याला फोनवर जोडून घेतात. पहिलं वाक्य 'हिंदी' एवढं जरी म्हटलं तरी सुरुवात होते. त्याआधी एकच गोष्ट जमली पाहिजे, ती म्हणजे पत्ता. नाव, वय, आजार सगळं नंतर. फोन मध्येच तुटला तरी पत्ता कळलेला असला की गाडी निघते. म्हणून मुलाच्या घराचा पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावायचा, आणि गेल्या गेल्या दोनदा मोठ्याने वाचायचा. हल्लीचे फोन संकटकाळी आपली जागा आपोआप कळवतात; ही सोय २०१४ मध्ये ब्रिटनने सुरू केली. पण आपण रोमिंगवर आपलंच सिम वापरत असलो तर ती चालेलच असं नाही. बिलाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये अॅम्ब्युलन्सचे पैसे पडत नाहीत. अमेरिकेत पडतात, आणि चांगलेच पडतात. त्यासाठीच तर विमा काढलेला असतो. विमा कंपनीची परवानगी घेत बसायची ही वेळ नव्हे.

आणखी एक. समजा तुम्ही इथे आहात, मुलगी टेक्सासला एकटी आहे आणि व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती कोसळली. इथून ९११ लावून तिथे लागणार नाही. तिच्या गावच्या पोलिसांचा दहा आकडी साधा नंबर आधीपासून लिहून ठेवलेला हवा. त्याच्या आधी ००१ (मोबाइलवर +१) लावून इथून फोन करता येतो. ज्यांची मुलं परदेशात एकटी राहतात त्या प्रत्येक घराने हा नंबर आजच मागवून घ्यावा.

शेवटी आपल्याकडचं. १००, १०१, १०२ हे आपल्या पिढीचे नंबर. १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादमध्ये १०८ सुरू झाली आणि मागे लागल्यासारखी राज्यागणिक पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. पुढे त्याच घडणीची मोफत अॅम्ब्युलन्स सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने श्रीलंकेत सुरू झाली, तिथे तिचा नंबर १९९०. रामायणाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी टिपून ठेवावा. ११२ हा देशभराचा एक नंबर नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे विनेंडनच्या त्या मुलामुळे जर्मनीभर झालेला आकडा आज आपल्या गेटवरचा वॉचमनही लावू शकतो.

मे महिन्यात अमेरिकेहून येणाऱ्या नातवंडांना शाळेत ९११ घोकून घेतलेला असतो. त्यांना लिफ्ट आणि पाण्याची वेळ समजावून देतो त्याच दिवशी ११२ सांगून ठेवावा. माझ्या नातीला मी सांगितला तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, मग तुमच्याकडचा नऊ कुठे गेला?" तिला डायल म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. दोन दुपारी गेल्या.